माळढोक आणि तणमोर

सह्याद्रीच्या पूर्वेस, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, उघडी माळराने दूरवर पसरलेली आहेत. तेथील जमीन उथळ व मुरमाड असते. पाऊस बेताचाच पडतो. कोठे एखादी बाभळ, कोठे बोरीचे झुडूप, कोठे काटेरी हिवर. याहून अधिक झाडी तेथे सहसा आढळत नाही. उन्हाळ्यात हा माळ करपून पिवळा पडतो. परंतु मृगाच्या सरी कोसळल्या की, पवन्या, मारवेल आणि कुसळीचे गवत तरारून वर येते, आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी त्यावर लाटांमागून लाटा उठू लागतात.

आगगाडीच्या खिडकीतून ह्या माळाकडे पाहणाऱ्या प्रवाशाला वाटते की, येथे काहीच नाही. सरकारी कागदोपत्रीही अशा जमिनीला बहुधा ‘पडीक’ असेच नाव मिळत आले. परंतु माळ ओसाड नसतो. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक असे कितीतरी प्राणी व पक्षी त्याच्या आश्रयाने जगतात. ह्याच माळाने भारताला दोन अपूर्व पक्षी दिले आहेत. एक आहे माळढोक आणि दुसरा तणमोर. दोघेही एकाच कुळातले. पण एक धिप्पाड, तर दुसरा कोंबडीएवढा. दोघांचे रूप वेगळे, रीत वेगळी. तरी दोघांवर ओढवलेले संकट मात्र एकच आहे.

दोघांचे रूप

माळढोक उभा राहिला की, त्याची उंची सुमारे एक मीटर भरते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन कधीकधी १५ किलोग्रॅमपर्यंत जाते. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातील अत्यंत वजनदार पक्षी म्हणून जे थोडे पक्षी गणले जातात, त्यांत माळढोकाचा समावेश होतो. त्याची पाठ तपकिरी, मान लांब व पांढुरकी, आणि डोक्यावर काळी टोपी असते. नराच्या छातीवर गळ्यातल्या गोफासारखा एक काळा पट्टा असतो. मादीचा हा पट्टा तुटक असतो किंवा मुळीच नसतो. ती नराहून पुष्कळच लहान असते. मजबूत पायांनी सावकाश, डौलदार पावले टाकीत तो माळावरून फिरतो. नाकतोडे, भुंगे, सरडे, लहान साप, बोरे, धान्याचे दाणे, असे सर्व काही तो खातो.

तणमोर त्याच्या तुलनेने अगदीच लहान. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि नराचे वजन जेमतेम अर्धा किलोग्रॅम. म्हणजे एका मोठ्या माळढोकाच्या वजनाला तीस तणमोर लागावेत! भारतात आढळणाऱ्या ह्या कुळातील पक्ष्यांत तो सर्वांत लहान होय. एरवी नर आणि मादी दोघेही वाळलेल्या गवताच्या रंगाचे असतात. परंतु पावसाळा आला की, नराचे रूप पालटते. त्याचे डोके, मान आणि पोट काळेभोर होते. पंखांवर पांढरे पट्टे उठून दिसतात. आणि कानांमागून तीन-तीन बारीक पिसे फुटून मागून वर वळतात. त्या पिसांची टोके चपटी असतात. जणू कोणी त्याच्या डोक्यावर नाजूक तुरे खोवले आहेत, असे वाटते.

ह्या पक्ष्यात आणखी एक नवल आहे. माळढोकाची मादी नराहून लहान, तर तणमोराची मादी नराहून मोठी. तणमोराच्या नराला हलके शरीर का हवे असते, हे त्याच्या उड्या पाहिल्या की ध्यानात येते. त्याची हकीकत पुढे येईल.

नावे आणि कुळ

‘ढोक’ हे नाव मराठीत बगळ्या-करकोच्यांसारख्या उंच पायांच्या पक्ष्याला दिले जाते. माळावर राहणारा ढोक, म्हणून माळढोक. तणात राहणारा आणि मोरासारखा तुरे मिरवून नाचणारा, म्हणून तणमोर. मध्य प्रदेशात त्याला खरमोर म्हणतात. माळढोकाला राजस्थानात गोडावण असे नाव आहे. लोकांनी पक्ष्याचे रूप आणि राहणी पाहून ही नावे दिली, आणि ती समर्पकही आहेत.

परंतु शास्त्र नुसत्या रूपावर विसंबून राहत नाही. शरीराची रचना, हाडे, पिसे, अंडी, पिले आणि अलीकडे तर रक्तातील आनुवंशिक द्रव्य, अशा अनेक गोष्टी तपासून ते सजीवांचे नाते ठरवते. त्या नात्यानुसार सजीवांचे वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती असे लहान लहान गट पाडले जातात. ह्या कसोटीला लावले, तर माळढोक हा ढोक नव्हे आणि तणमोर हा मोर नव्हे. दोघेही ‘ओटिडिडी’ ह्या कुळातले आहेत. ह्या कुळात जगभर सुमारे २६ जाती असून त्यांतील बहुतेक आफ्रिकेत राहतात. पूर्वी हे कुल क्रौंच पक्ष्यांच्या गणात घातले जाई. पुढे संशोधनावरून असे दिसून आले की, ह्या पक्ष्यांची वाट फार पूर्वीच निराळी झालेली आहे. म्हणून आता त्यांचा ‘ओटिडिफॉर्मीस’ हा स्वतंत्र गण मानला जातो.

ह्या कुळाची एक खूण सहज ओळखता येण्याजोगी आहे. चिमणी, कावळा, पोपट यांच्या पायाला पुढे बोटे असतात, तसे मागेही बोट असते. त्यामुळे त्यांना फांदी पकडून बसता येते. माळढोक आणि तणमोर यांच्या पायाला तीनच बोटे असतात व तीन्ही पुढे वळलेली असतात. मागचे बोट नसल्यामुळे ते झाडावर बसू शकत नाहीत. जमिनीवर चालावे, जमिनीवर निजावे, जमिनीवरच अंडी घालावीत, अशी त्यांची राहणी. ज्याला झाडाचा आश्रय नाही, त्याचे सारे जीवन मोकळ्या जमिनीवर अवलंबून असते. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कुल एक असले, तरी दोघांच्या प्रजाती भिन्न आहेत. माळढोकाचे शास्त्रीय नाव ‘आर्डिओटिस नायग्रिसेप्स’. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘बगळ्यासारखा माळपक्षी’ असा होतो, आणि दुसऱ्याचा ‘काळ्या डोक्याचा’. मराठी शेतकऱ्याला ह्या पक्ष्यात ढोक दिसला आणि युरोपातील पंडिताला बगळा दिसला, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. ह्या प्रजातीत एकूण चार जाती आहेत. माळढोकाचे तीन भाऊबंद आफ्रिका, अरबस्तान आणि ऑस्ट्रेलिया येथे आढळतात.

तणमोराचे नाव ‘सिफिओटायडिस इंडिकस’, म्हणजे भारतातला. त्याच्या प्रजातीत दुसरी जातीच नाही. तो आपल्या घराण्यात एकटा आहे. एखाद्या मोठ्या कुटुंबातील एक माणूस गेला, तर दुःख होतेच; परंतु ज्या घरात एकच माणूस उरला आहे, तो गेला तर घराला कुलूप लागते. तणमोर नाहीसा झाला, तर एका जातीबरोबर एक सबंध प्रजातीच जगातून जाईल. वर्गीकरण म्हणजे केवळ पाठ करावयाच्या नावांची यादी नव्हे, हे यावरून समजते. कोणती हानी किती मोठी, हे त्यावरून कळते.

घुमणे आणि उड्या

विणीच्या काळात माळढोकाचा नर माळावरील उंचशा जागी येऊन उभा राहतो. तो शेपटी पाठीवर उभारतो आणि गळ्याखालची पिशवी हवेने फुगवतो. ती पिशवी त्याच्या पायांपर्यंत लोंबू लागते. मग तो खोल आवाजात घुमतो. तो घुमण्याचा नाद सुमारे अर्ध्या किलोमीटरवरही ऐकू येतो. ह्या नादामुळे काही ठिकाणी माळढोकाला हूम असेही म्हणतात.

तणमोर घुमत नाही. तो उडी मारतो. पावसाळ्यात गवत गुडघाभर वाढलेले असते आणि हा लहानसा नर त्यात पार बुडून जातो. मादीच्या नजरेस पडायचे कसे? तो गवतातून एकदम सरळ वर उसळतो, दीड-दोन मीटर उंच जातो, पंख फडफडवून बेडकासारखा टर्र असा आवाज करतो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. एक नर दिवसाकाठी सुमारे ५०० उड्या मारतो! अंग जड असते, तर हा खेळ त्याला साधला नसता.

मात्र ह्याच उडीने त्याचा घातही केला. इंग्रजी अमदानीत शिकारी पावसाळ्यात माळावर जात. गवतातून उसळणारा नर त्यांना दुरूनच दिसे आणि बंदुकीला आयता बळी मिळे. ऐन विणीच्या दिवसांत असे असंख्य तणमोर मारले गेले.

दोन्ही पक्ष्यांत अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे, हे काम मादीच करते. परंतु अंड्यांच्या संख्येत मोठा फरक आहे. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि सुमारे २७ दिवस उबवते. तणमोराची मादी गवताच्या आडोशाला तीन ते पाच अंडी घालते आणि सुमारे २१ दिवसांत पिले बाहेर येतात. एका अंड्यावर सारी भिस्त असल्यामुळे, ते कुत्र्याने किंवा कावळ्याने पळवले की, माळढोकाच्या मादीचे सारे श्रम वाया जातात. म्हणून माळढोकाची संख्या एकदा घटली की, ती लवकर भरून येत नाही. तणमोराची संख्या मात्र चांगल्या पावसाच्या वर्षी वाढते, आणि अवर्षणात गवतच न वाढल्यामुळे झपाट्याने उतरते.

कोठे होते, कोठे आहेत

एके काळी माळढोक पंजाब आणि सिंधपासून ओडिशापर्यंत, आणि थरच्या वाळवंटापासून तमिळनाडूपर्यंत आढळत असे. आज त्याचे मुख्य ठाणे म्हणजे राजस्थानातील जैसलमेरचा परिसर. गुजरातेत कच्छमधील नलियाचा माळ, आंध्र प्रदेशात रोल्लापाडू, कर्नाटकात सिरुगुप्पा, आणि महाराष्ट्रात सोलापूरजवळील नान्नज व चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा, अशी काही मोजकी ठिकाणे त्याच्या नावाशी जोडलेली आहेत. परंतु ह्या ठिकाणी तो आता दिसलाच तर क्वचित दिसतो. मध्य प्रदेशातील करेरा येथे त्याच्यासाठी अभयारण्य स्थापन झाले होते. तेथून तर तो १९९० च्या दशकात साफ नाहीसा झाला.

तणमोराचा मुक्काम ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यात तो गुजरात, राजस्थानचा अजमेर-भिलवाड्याकडील भाग, मध्य प्रदेशचा पश्चिम भाग आणि महाराष्ट्रातील अकोला व वाशीम हे जिल्हे येथे येतो. गुजरातेतील भावनगरजवळचे वेळावदर आणि मध्य प्रदेशातील सैलाना ही त्याची नावाजलेली ठिकाणे. पूर्वी नाशिक, अहिल्यानगर व सोलापूरकडील माळांवरही तो वीण करी. पावसाळा सरला, पिले उडू लागली की, तो दक्षिणेकडे व आग्नेयेकडे निघून जातो आणि शेतांत व गवतांत विखुरतो. तेथे तो उड्या मारीत नाही, त्याला तुरे नसतात; त्यामुळे तो कोणाच्या नजरेस सहसा पडत नाही.

यावरून रक्षणाची अडचण ध्यानात येईल. माळढोकाला वर्षभर मोठे, निवांत मैदान हवे. तणमोराला एका प्रांतात पावसाळ्याचे गवत हवे आणि दुसऱ्या प्रांतात हिवाळ्याचा आसरा हवा. एका जागी कुंपण घातले, म्हणून दोघांचेही रक्षण झाले असे होत नाही.

लाल यादीतील स्थान

कोणती जाती किती संकटात आहे, हे ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघ जगभरच्या जातींची एक यादी ठेवतो. तिला लाल यादी म्हणतात. जातीची संख्या किती, ती किती वेगाने घटत आहे, तिचा प्रदेश किती उरला आहे, हे पाहून तिला पायरी दिली जाते. संकटग्रस्त ही एक पायरी, तिच्याखाली अतिसंकटग्रस्त. त्याखाली ‘केवळ पिंजऱ्यात उरलेली’ आणि ‘नामशेष’, ह्या दोनच पायऱ्या आहेत.

१९६९ मध्ये माळढोकांची संख्या सुमारे १,२६० असावी, असा अंदाज करण्यात आला होता. २००८ च्या सुमारास ती ३०० वर आली. २०११ मध्ये माळढोकाला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आले. २०१८ च्या सुमारास सर्व भारतात मिळून दीडशेच्या आतच माळढोक उरले होते.

तणमोराचे आकडे वरखाली होत आले. १९८२ मध्ये ४,३७४ असा अंदाज होता. पुढे अवर्षणाची वर्षे आली आणि १९८९ मध्ये तो १,६७२ वर उतरला. पाऊस बरा झाल्यावर १९९९ मध्ये संख्या ३,५३० पर्यंत चढली. तणमोरांच्या ह्या अभ्यासात रवी शंकरन् ह्या पक्षिशास्त्रज्ञांनी फार परिश्रम घेतले. परंतु २०१७-१८ च्या पाहणीत तणमोर ७०० हूनही कमी असावेत, असे आढळले. आता ह्या घटीचा दोष केवळ पावसाला देता येईना. चांगला पाऊस पडूनही पक्ष्याला गवतच उरले नव्हते. २०२१ मध्ये तणमोरही अतिसंकटग्रस्तांच्या पायरीवर उतरला. थोरल्या भावानंतर दहा वर्षांनी धाकटाही त्याच पायरीवर येऊन उभा राहिला.

संकटाची कारणे

पूर्वीचे मुख्य कारण म्हणजे शिकार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी झाली. तरीही पक्षी घटतच राहिले. कारण बंदूक गेली, पण माळही गेला. विहिरी, कालवे व यंत्रे आली, तेव्हा पूर्वी न पिकणारी जमीनही नांगराखाली आली. कोठे खाणी निघाल्या, कोठे वसाहती वाढल्या. काही ठिकाणी तर निसर्गाचे भले करावे ह्याच हेतूने माळावर दाट झाडे लावण्यात आली. झाड लावणे हे पुण्यकर्म खरे. परंतु उघड्या माळावर दाट झाडी वाढली की, ज्यांना दूरवर पाहूनच शत्रू ओळखता येतो, अशा पक्ष्यांची ती जागा राहत नाही.

माळढोकाला आणखी एका शत्रूने गाठले आहे, तो म्हणजे विजेच्या तारा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे समोरची बारीक तार त्याला वेळेवर दिसत नाही. आणि दिसली, तरी एवढे जड शरीर त्याला चटकन वळवता येत नाही. थरच्या वाळवंटात सूर्यप्रकाशापासून आणि वाऱ्यापासून वीज करण्याचे मोठमोठे प्रकल्प उभे राहिले, आणि त्यांच्या तारांचे जाळे नेमके माळढोकाच्या आकाशात पसरले. धूर न करणारी वीज देशाला हवी आहे आणि माळढोकही हवा आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्य तेथे तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला. २०२४ मध्ये त्यात बदल करून, दोन्ही हितांचा मेळ घालण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. दोन चांगल्या गोष्टींत निवड करण्याची वेळ येते, तेव्हा निर्णय किती अवघड होतो, याचे हे उदाहरण आहे.

तणमोराला तारांपेक्षा गवताच्या कापणीची आणि चराईची भीती अधिक. अंड्यांवर मादी बसलेली असताना गवत कापले, किंवा गुरांचे मोठे कळप कुरणात शिरले, की घरटे उद्ध्वस्त होते. उलट, गुजरातेत व मध्य प्रदेशात जी राखीव कुरणे पावसाळा संपेपर्यंत बंद ठेवून नंतरच कापली जात, त्यांत तणमोर निर्धास्त वाढत आला. माणसाला वैरण मिळे आणि पक्ष्याला घर मिळे.

रक्षणाचे प्रयत्न

१९६३ मध्ये मोराला भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून मान मिळाला. त्या काळी विख्यात पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी त्या मानासाठी माळढोकाचे नाव पुढे केले होते. मोर सर्वांना ठाऊकच आहे. ज्याच्याकडे देशाचे लक्ष जाणे अगत्याचे आहे, अशा पक्ष्याला हा मान मिळावा, असा त्यांचा विचार होता.

महाराष्ट्रात १९७९ मध्ये सोलापूर-अहिल्यानगर भागात माळढोकासाठी अभयारण्य स्थापन झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर ठरवण्यात आले. परंतु त्यात कितीतरी गावे व शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी आल्या. जमिनीच्या व्यवहारावर बंधने पडली आणि ज्या पक्ष्याला लोकांनी आपला म्हणावे, तोच त्यांना अडचण वाटू लागला. पुढे २०१२ मध्ये हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२०० चौरस किलोमीटर करण्यात आले. नान्नजच्या अनुभवाने एक धडा शिकवला. नकाशावर रेघ ओढल्याने पक्षी वाचत नाही. रेघेच्या आत राहणाऱ्या माणसांची साथ मिळाली, तरच तो वाचतो.

अशी साथ कशी मिळते, हे विदर्भात दिसते. अकोला आणि वाशीम जिल्ह्यांत फासेपारधी समाजातील लोक तणमोराच्या रक्षणाच्या कामात पुढे आले. पिढ्यान् पिढ्या माळावर फिरल्यामुळे पक्ष्यांच्या सवयी, त्यांचे आवाज, त्यांच्या बसण्याच्या जागा, हे सर्व ज्ञान त्यांच्यापाशी आहे. तेच ज्ञान आता पक्षी शोधण्यासाठी आणि गवत राखण्यासाठी उपयोगी पडत आहे.

माळढोकासाठी २०१९ मध्ये राजस्थानात एक निराळा प्रयत्न सुरू झाला. जैसलमेर जिल्ह्यातील सम येथे, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या तज्ज्ञांनी माळावरील काही अंडी आणून यंत्रात उबवली आणि पिले हाताने वाढवली. ही पिले मोठी होऊन त्यांनीही अंडी घातली. २०२५ पर्यंत अशा रीतीने वाढवलेल्या पक्ष्यांची संख्या ६० च्या वर गेली. ही वार्ता आनंदाची आहे. मात्र हे पक्षी अखेर सोडायचे कोठे? यंत्रातून पिलू निघू शकते. माळ निघू शकत नाही.

माळढोक जवळजवळ केवळ भारतात उरला आहे. तणमोराची वीण तर भारतातच होते. हे दोन पक्षी येथून गेले, तर ते दुसऱ्या देशातून आणता येणार नाहीत. आफ्रिकेतला त्यांचा एखादा नातलग आपल्या माळावर येऊन घुमणार नाही, की तुरे खोवून गवतातून उसळणार नाही. आणि हे दोघे वाचले, तर ते एकटेच वाचणार नाहीत. ज्या गवतात तणमोर लपतो, तेच गवत मेंढपाळाच्या कळपाला चारा देते, मुरमाड जमिनीची धूप थांबवते आणि पावसाचे पाणी जिरवते. ‘पडीक’ हा शब्द त्या जमिनीला शोभत नाही. तिला माळ असे जुने आणि खरे नाव आहे.

शब्दार्थ

पर्जन्यछाया : डोंगराच्या आडोशामुळे कमी पाऊस पडणारा प्रदेश. मुरमाड : बारीक खडे मिसळलेली. खोकड : कोल्ह्यासारखा लहान प्राणी. गोफ : गळ्यात घालावयाचा विणलेला दागिना. समर्पक : योग्य, साजेसे. अवर्षण : पाऊस न पडणे. भिस्त : भरवसा. अमदानी : राजवट. नामशेष : केवळ नावाने उरलेले. धूप : माती वाहून जाणे.

स्वाध्याय

१. माळढोक व तणमोर झाडावर का बसू शकत नाहीत?
२. ‘माळढोक हा ढोक नव्हे आणि तणमोर हा मोर नव्हे,’ असे का म्हटले आहे?
३. तणमोर नाहीसा झाल्यास एक सबंध प्रजातीच जगातून जाईल, हे विधान स्पष्ट करा.
४. एका जागी कुंपण घातल्याने दोन्ही पक्ष्यांचे रक्षण का होत नाही?
५. तणमोरांची संख्या १९८९ मध्ये घटली आणि २०१७-१८ मध्येही घटली. ह्या दोन घटींच्या कारणांत काय फरक आहे?
६. आकार, मादीचे आकारमान, अंडी, वीण होण्याचा प्रदेश आणि लाल यादीतील स्थान, ह्या मुद्द्यांना धरून दोन्ही पक्ष्यांची तुलना करणारा तक्ता तयार करा.
७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : नजरेस पडणे, वाया जाणे, मेळ घालणे, साथ मिळणे.
८. आपल्या गावाजवळ माळ किंवा कुरण असल्यास वडील माणसांसह तेथे जा. दिसलेल्या पक्ष्यांची व गवतांची नावे गावातील जाणत्या माणसांना विचारून वहीत लिहा. घरटी व अंडी यांना हात लावू नका.